फॉन्टच्या पोटातलं नाव

१९९० ते २००५ या वर्षांत पुण्यात संगणकावर जुळवलेल्या एखाद्या मराठी पुस्तकाची मूळ फाइल आज उघडली, तर पडद्यावर मराठी दिसेलच असं नाही. बहुतेक वेळा रोमन अक्षरं, महिरपी कंस, डॉलरची चिन्हं आणि टोप्या घातलेले स्वर यांचा खच समोर येतो. फाइल बिघडलेली नसते. तिच्यात मराठी अक्षरं मुळात कधी नव्हतीच. तिच्यात रोमन अक्षरांचे क्रमांक होते आणि प्रत्येक तुकड्याला जोडलेलं एका फॉन्टचं नाव होतं. त्या नावाचा फॉन्ट संगणकात होता तोवर तो रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र काढत होता आणि आपण मराठी वाचत होतो.

हा प्रश्न पुण्याच्या फार जवळचा आहे. सी-डॅक या संगणक-संस्थेची स्थापना इथेच १९८८ मध्ये झाली आणि तिच्या जिस्ट गटाकडून सुरेख, योगेश अशा नावांचे फॉन्ट आले. श्रीलिपी हे फॉन्टांचं सॉफ्टवेअर बनवणारी मॉड्युलर इन्फोटेक ही कंपनी पुण्याचीच. अप्पा बळवंत चौकापासून नारायण पेठेपर्यंतच्या डीटीपीवाल्यांनी याच फॉन्टांवर गाइडं, दिवाळी अंक, प्रबंध आणि लग्नपत्रिका जुळवल्या. या मजकुराला आज युनिकोडमध्ये आणायचं, तर आधी एक साधी वाटणारी गोष्ट करावी लागते: फॉन्टच्या फाइलमधून त्याचं नाव वाचायचं.

आमच्या मासिकाचे जुने अंक युनिकोडमध्ये आणण्याचं काम दोन माणसं करत आहेत. एक आमचे काका. खिळे जुळवणारे जुळारी म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे आयुष्य पेजमेकर या पानं जुळवण्याच्या प्रोग्रामवर काढलं. दुसरी त्यांची पुतणी, हिंजवडीला प्रोग्रामर आहे. सुटीच्या दिवशी पेठेत येऊन हे काम करते. फॉन्टच्या नावावर किती विसंबायचं, यावर दोघांचं पटत नाही. त्यांचं बोलणं मी लिहून घेतलं आहे. जिथे मला माझं मत द्यावंसं वाटलं, तिथे ते दिलं आहे.

पुतणी: काका, तुमच्या डिस्कवरच्या फॉन्टच्या फायली पाहिल्या. फायलींच्या नावांवरून काही पत्ता लागत नाही. आठ अक्षरांत कोंबलेलं काहीतरी, शेवटी आकडे.

काका: अगं, तो डॉसचा जमाना. आठ अक्षरं आणि टिंबानंतर तीन, याच्या पुढे फाइलचं नाव जायचंच नाही. आम्ही त्याच्याकडे कधी बघितलं नाही. पेजमेकरच्या यादीत जे नाव यायचं, तेच आमच्यासाठी फॉन्टचं नाव.

पुतणी: यादीतलं ते नाव फाइलच्या आत असतं. म्हणून फाइलला बाहेरून कुणी काहीही नाव दिलं तरी फरक पडत नाही. माझा प्रोग्राम ती उघडून आतलं नाव काढतो.

काका: कसं काढतो ते सांग. मला समजेल अशा भाषेत, पण काही गाळू नकोस.

पुतणी: ट्रूटाइप किंवा ओपनटाइप फॉन्ट म्हणजे अनेक तक्ते एकाच फाइलमध्ये बांधलेले. पहिले बारा बाइट वाचले की फाइल कोणत्या प्रकारची आहे आणि तिच्यात किती तक्ते आहेत ते कळतं. मग तक्त्यांची अनुक्रमणिका. प्रत्येक नोंद सोळा बाइटांची: चार अक्षरी खूण, तक्त्यातल्या आकड्यांची तपासबेरीज, तक्ता फाइलमध्ये कुठे सुरू होतो तो आकडा, आणि त्याची लांबी. त्यात ‘नेम’ अशी खूण शोधायची आणि त्या जागी उडी मारायची.

काका: तिथे नाव लिहिलेलं असतं.

पुतणी: एक नाव नाही, नावांच्या नोंदी. आधी सहा बाइट: तक्त्याचा प्रकार, नोंदी किती, आणि प्रत्यक्ष अक्षरं कुठे साठवली आहेत ते. मग प्रत्येक नोंद बारा बाइटांची, सहा आकडे. हे नाव कोणत्या यंत्रणेसाठी, कोणत्या संकेतप्रणालीत, कोणत्या भाषेत, कसलं नाव, किती लांब, आणि कुठून सुरू. यातला प्रत्येक आकडा मोठा बाइट आधी अशा क्रमाने लिहिलेला असतो. आपल्या नेहमीच्या संगणकांचा प्रोसेसर उलट क्रमाने वाचतो. बाइट फिरवून घेतले नाहीत, तर १८ नोंदींच्या ४६०८ होतात आणि प्रोग्राम भलतीकडे भरकटतो.

काका: एका फॉन्टला १८ नावं?

पुतणी: असतात. क्रमांक १ ला कुटुंबाचं नाव, २ ला प्रकार, म्हणजे साधा की ठळक. ४ ला पूर्ण नाव, ५ ला आवृत्ती, ६ ला पोस्टस्क्रिप्ट नाव, म्हणजे छपाईयंत्राच्या पोस्टस्क्रिप्ट भाषेसाठीचं. शून्याला स्वामित्वाची ओळ, ९ ला अक्षरं कुणी रेखाटली त्याचं नाव, १३ ला परवाना. हेच सगळं पुन्हा मॅकसाठी वेगळं आणि विंडोजसाठी वेगळं. विंडोजच्या नोंदीत प्रत्येक अक्षराला दोन बाइट, मॅकच्या जुन्या नोंदीत एक. हे न बघता वाचलं तर रोमन नावातला पहिला बाइट शून्य निघतो, सी भाषेतला प्रोग्राम शून्य आलं की मजकूर संपला असं समजतो, आणि नाव कोरं येतं.

(इथे मला थांबून सांगायला हवं की हे काम करणारा प्रोग्राम आज कुणी स्वतः लिहायलाच हवा असं नाही. फ्रीटाइप आहे, पायथनमध्ये फॉन्टटूल्स आहे, लिनक्सवर फॉन्टकॉन्फिग आहे. दोन-तीन ओळींत नाव हाती येतं. पण या तयार साधनांनी दिलेलं ‘नाव’ म्हणजे या नोंदींपैकी नेमकी कोणती, हे ज्याला माहीत नाही तो पुढच्या टप्प्यावर अडतोच. मराठीच्या जुन्या मजकुरात तर हमखास.)

काका: एवढी नावं आहेत, तर मग आमच्या अंकातल्या मजकुराला चिकटलेलं नाव यांपैकी कोणतं?

पुतणी: ते प्रोग्रामवर अवलंबून आहे. वर्ड यादीतलं, म्हणजे कुटुंबाचं नाव लिहून ठेवतं. पीडीएफमध्ये पोस्टस्क्रिप्ट नाव येतं. त्यात मोकळी जागा चालत नाही, रोमनखेरीज अक्षर चालत नाही. आणि फॉन्टची वापरलेली तेवढीच अक्षरं पीडीएफमध्ये घातली असतील, तर नावाच्या आधी सहा मोठी रोमन अक्षरं आणि अधिकचं चिन्ह लागतं. ते कापून टाकलं नाही तर एकच फॉन्ट प्रत्येक पीडीएफमध्ये नवा वाटतो.

काका: आणि आमचे पोस्टस्क्रिप्टचे फॉन्ट? फिल्म काढायला आम्ही तेच पाठवायचो.

पुतणी: ती फाइलच वेगळ्या जातीची, तिच्यात ‘नेम’ तक्ता नाही. पण तिचा सुरुवातीचा भाग साध्या मजकुरासारखा वाचता येतो आणि फॉन्टचं नाव तिथेच सरळ लिहिलेलं असतं. फक्त ते फॉन्ट वापरणं आता अवघड झालंय. अडोबीने जानेवारी २०२३ पासून आपल्या प्रोग्राममधून त्यांचा आधार काढून घेतला.

काका: हे बघ, एवढं सगळं ऐकून मला एवढंच कळतं की नाव मिळालं की काम झालं. श्री-देव म्हटलं की मजकूर युनिकोडमध्ये बदलायचा श्रीलिपीचा तक्ता लावायचा, कृतिदेव म्हटलं की कृतिदेवचा.

पुतणी: नाही, इथेच मला पटत नाही. नाव हे फॉन्ट बनवणाऱ्याने भरलेली एक ओळ आहे. ते चुकीचं असू शकतं, कुणी बदललेलं असू शकतं. मी पुरावा बघणार. ‘सीमॅप’ नावाचा तक्ता असतो, कोणत्या क्रमांकाला कोणतं अक्षर ते त्यात लिहिलेलं असतं. युनिकोडमध्ये देवनागरीला २३०४ ते २४३१ हे क्रमांक दिलेले आहेत. ते त्या तक्त्यात आहेत का ते बघायचं. शिवाय ‘ओएस-टू’ तक्त्यात फॉन्ट कोणत्या लिप्यांसाठी आहे याच्या खुणा असतात. १५ क्रमांकाची खूण देवनागरीची. नाव काहीही असू दे, फॉन्ट स्वतःच सांगेल तो काय आहे ते.

काका: मग श्रीलिपीचा फॉन्ट घे आणि विचार त्याला.

तिने विचारलं. प्रोग्रामने उत्तर दिलं: देवनागरीचा एकही क्रमांक नाही, १५ ची खूण नाही, रोमन लिपीचा फॉन्ट.

माझ्या मते या सगळ्या वादाचं मर्म इथे आहे. १९९० च्या दशकातल्या मराठी फॉन्टांत ‘पुरावा’च खोटी साक्ष देतो. क्रमांकांच्या तक्त्यात लिहिलेलं असतं की हा छोटा ‘एन’ आहे, आणि त्या जागी काढलेलं चित्र असतं ‘प’चं. त्या काळी यंत्रणेला देवनागरी कळतच नव्हती, म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी रोमनचा वेश घालून मराठी आत आणली. दुसरा मार्ग नव्हता आणि त्यांनी तो काढला म्हणून मराठी छपाई संगणकावर आली. पण त्यामुळे त्या अख्ख्या फाइलमध्ये खरं सांगणारी एकच जागा उरली, आणि ती म्हणजे नाव.

काका: आता ‘पुणे’ टाइप कर. श्रीलिपीत छोटा एन, डब्ल्यू, मोठा यू, ओ. एन म्हणजे प, डब्ल्यू म्हणजे उकार, मोठा यू म्हणजे ण, ओ म्हणजे मात्रा. दिसलं ना ‘पुणे’? हीच चार अक्षरं निवडून फॉन्ट बदल, कृतिदेव लाव.

पुतणी: ‘दून्व’.

काका: कृतिदेव रेमिंग्टनच्या कळफलकावर बसवलेला. त्यात एन म्हणजे द, डब्ल्यू म्हणजे दीर्घ ऊकार, मोठा यू म्हणजे अर्धा न, ओ म्हणजे व. अंडरस्कोर घे. श्रीलिपीत तो म, कृतिदेवात ऋ. छोटा ए श्रीलिपीत र, कृतिदेवात अनुस्वार. फाइलमध्ये अक्षरं तीच. त्यांचं मराठी काय करायचं हे फक्त नाव सांगतं. नाव गेलं की मजकूर गेला.

पुतणी: मजकूरच सांगू शकतो काका. मराठीत कोणतं अक्षर किती वेळा येतं याचा अंदाज असतो. पानभर मजकूर घ्यायचा, सगळे तक्ते लावून बघायचे, ज्याने वाचण्याजोगं मराठी निघेल तो खरा. ‘दून्व’सारखे शब्द पानभर निघाले तर प्रोग्रामला कळेल की तक्ता चुकला.

काका: पानभर मजकूर असेल तर. आमच्या अंकात मथळा एका फॉन्टमध्ये, लेखकाचं नाव दुसऱ्यात, चौकट तिसऱ्यात. जाहिरातीत तीन शब्द. तीन शब्दांवरून तू काय अंदाज करणार? आणि माणसाचं आडनाव असेल तर? कुळकर्णीचं काहीतरी होईल आणि प्रोग्राम म्हणेल, असेल एखादं आडनाव.

पुतणी उत्तरादाखल काही बोलली नाही, पण तिने प्रोग्रामच्या कामांच्या यादीत नाव वाचण्याची पायरी वर घेतली. मला ते योग्य वाटलं. मात्र काकांना वाटत होतं तितकं नाव सोपं नाही, हे लगेच पुढे आलं.

पुतणी: तुम्ही म्हणता श्री-देव म्हटलं की झालं. सी-डॅकच्या फॉन्टांचं काय? डीव्ही-टीटी योगेश आणि डीव्हीबी-टीटी योगेश, दोन्ही तुमच्याकडे आहेत. तुमच्या वहीत दोन्हीला नुसतं ‘योगेश’ लिहिलंय.

काका: वळण एकच आहे ना. छापून आल्यावर वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच.

पुतणी: वळण एकच, पण आतली मांडणी वेगळी. डीव्ही म्हणजे देवनागरी, टीटी म्हणजे ट्रूटाइप. मध्ये जो बी आहे तो द्विभाषिकचा. एकाच फॉन्टमध्ये इंग्रजीही हवी म्हणून रोमन अक्षरांच्या जागा मोकळ्या ठेवल्या आणि मराठी अक्षरं वरच्या क्रमांकांत सरकवली. वेबसाठी डीव्हीबीडब्ल्यू आणखी वेगळा. एक अक्षर गाळलंत तर तक्ता चुकतो. म्हणून नाव वाचायचं तर शेवटच्या अक्षरापर्यंत जसंच्या तसं वाचायचं. विंडोजच्या जुन्या फॉन्ट-यादीत नावाला ३१ अक्षरांचीच मर्यादा होती, त्यात लांब नावं तुटायची, हेही लक्षात ठेवायचं.

काका: हे मान्य. आम्ही वळण बघत होतो, कोड बघत नव्हतो.

पुतणी: आता दुसरं सांगते. तुमच्या डिस्कवर दोन फॉन्ट आहेत. नावं एकदम वेगळी. पण अनुक्रमणिकेत प्रत्येक तक्त्याची तपासबेरीज असते म्हटलं ना, दोन्हींच्या ‘ग्लिफ’ तक्त्याची बेरीज एकच आहे, लांबीही एकच. ‘ग्लिफ’मध्ये अक्षरांच्या रेषा असतात. म्हणजे अक्षरं तीच, कुणीतरी फक्त नाव बदललंय. तुमच्यासारखी नावावर विसंबले असते तर दुसऱ्या फॉन्टचा तक्ता शोधत बसले असते.

काका बराच वेळ त्या दोन फायलींच्या नोंदी बघत राहिले. एकीत शून्य क्रमांकाला स्वामित्वाची पूर्ण ओळ होती. दुसरीत ती जागा रिकामी केलेली होती.

काका: हे वाईट आहे. नाव बदलणं एक वेळ समजतं, पण करणाऱ्याचं नाव काढून टाकायचं? जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, तिथे खिळ्यांचे साचे कोरणाऱ्या राणूजी आरूंचं नाव आम्हा जुळाऱ्यांना ठाऊक होतं. खिळ्यावर त्यांची सही नव्हती, तरी ठाऊक होतं. इथे तर सही करायला जागा ठेवलेली आहे आणि ती कुणी पुसून टाकतो.

पुतणी: म्हणून माझा प्रोग्राम आता शून्य, ८, ९ आणि १३ हे क्रमांकही वाचून यादीत टाकतो. मुक्त परवान्याचे फॉन्ट असतील तर नावाबद्दल वेगळा नियम असतो. त्यातल्या ओपन फॉन्ट लायसन्समध्ये फॉन्टकर्ता आपलं नाव राखून ठेवू शकतो. तुम्ही अक्षरांत फेरफार करा, वाटा, पण ते राखलेलं नाव लावू नका. तिथे नाव बदलणं हाच प्रामाणिकपणा.

काकांचा राग मला पूर्ण पटतो. मंगल हा फॉन्ट विंडोज २००० बरोबर संगणकांत आला. त्याचे रेखाटनकार र. कृ. जोशी. रोज त्या अक्षरांत लिहिणाऱ्या माणसांपैकी फार थोड्यांना हे नाव माहीत असतं. फॉन्टचं नाव दाखवणाऱ्या प्रोग्रामने शेजारी रेखाटनकाराचं नाव दाखवलं, तर एक ओळ वाढते, दुसरा काही खर्च नाही. आपल्याकडे असे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी ही ओळ वाढवावी.

पुढचा भाग नव्या फॉन्टांचा होता. तो थोडक्यात देतो, कारण तिथे अडचण कमी आहे. युनिकोड असेल तर मजकूर नावावाचूनही मराठीच राहतो.

काका: नव्या फॉन्टांना तरी नावाचा घोळ नाही ना?

पुतणी: आहे, वेगळा आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्टसंस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट घ्या. त्याला सात वजनं आहेत, अगदी बारीक ते अगदी जाड. विंडोजच्या जुन्या यादीत एका कुटुंबात चारच प्रकार बसतात: साधा, तिरपा, ठळक, ठळक-तिरपा. म्हणून बाकीच्या वजनांना क्रमांक १ च्या जागी ‘मुक्त लाइट’ असं वेगळं कुटुंब म्हणून दाखवतात आणि खरं कुटुंब १६ क्रमांकाला लिहितात. नुसता १ वाचला तर एका फॉन्टची अनेक कुटुंबं होतात. आधी १६ बघायचा, नसेल तरच १.

काका: मी त्याला ‘एक मुक्त’ म्हणून ओळखतो.

पुतणी: पूर्वी तेच नाव होतं, पुढे नुसतं मुक्त झालं. जुन्या फायली अजून जुनं नाव मागतात. रेड हॅट कंपनीच्या लोहित फॉन्टचं तसंच. आपल्या पुण्यातल्या अभियंत्यांनी त्यावर काम केलंय. आधी लोहित मराठी, लोहित हिंदी वेगवेगळे होते, मग एकच लोहित देवनागरी केला. जुन्या फाइलला लोहित मराठी हवा असतो आणि तो संगणकात नसतो. जुनं नाव आलं की नवा फॉन्ट द्या, अशी जोडी प्रोग्रामला सांगावी लागते.

काका: एकच केला म्हणजे आमचा ल आणि श कुठे गेले?

काकांचा हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले आहेत. फॉन्टच्या नावात ‘देवनागरी’ असं लिहिलेलं असतं तेव्हा ही मराठी वळणं आत आहेत की नाहीत, हे नावावरून कळत नाही.

पुतणी: इथे मात्र माझं ऐका. नाव इथे उपयोगाचं नाही. अक्षरं बदलण्याचे नियम ज्या तक्त्यात असतात त्यात भाषांच्या खुणा असतात. मराठीची खूण एम-ए-आर. ती तिथे असेल आणि तिच्याखाली स्थानिक रूपांचा नियम असेल, तर मजकुराची भाषा मराठी लावल्यावर ल आणि श आपले येतात. भाषा हिंदी राहिली तर येत नाहीत. माझा प्रोग्राम ही खूण शोधतो आणि नावाशेजारी ‘मराठी रूपं आहेत’ असं लिहितो.

काका: हे चांगलं केलंस. निम्म्या वेळा ऑपरेटर मजकुराची भाषा लावतच नाहीत आणि फॉन्टला दोष देतात.

शेवटचा वाद सर्वांत जास्त रंगला. तो फॉन्टच्या नावाच्या भाषेवरून होता.

काका: तू म्हणालीस, प्रत्येक नोंदीत भाषेचा आकडा असतो. मग मराठी फॉन्टचं नाव मराठीत का दिसत नाही? सुरेख, योगेश, मंगल, मुक्त, सगळी नावं आपली आणि यादीत रोमनमध्ये.

पुतणी: कारण बहुतेक फॉन्टांत फक्त १०३३ या आकड्याखाली नाव भरलेलं असतं, ती अमेरिकी इंग्रजी. मराठीचा आकडा ११०२ आहे. त्याखाली देवनागरीत नाव भरता येतं, तांत्रिक अडचण नाही. पण मी भरू नका म्हणेन. नाव ही यंत्राची किल्ली आहे. मराठी विंडोजवर यादीत मराठी नाव दिसेल, एखादा प्रोग्राम फाइलमध्ये तेच लिहून ठेवेल, आणि समोरच्याचा प्रोग्राम फक्त इंग्रजी नाव ओळखत असेल तर फॉन्ट सापडणार नाही. आपण आत्ता ज्या घोळातून बाहेर पडतोय, तोच पुन्हा.

काका: जपानी लोक काय करतात?

पुतणी: त्यांच्या फॉन्टांना दोन्ही नावं असतात. एमएस मिंचो हे इंग्रजी नाव, आणि जपानी विंडोजवर त्याच फॉन्टचं जपानी लिपीतलं नाव दिसतं.

काका: त्यांच्या फायली बंद पडल्या?

पुतणी: नाही. पण त्यांच्या प्रोग्रामांना दोन्ही नावं वाचायची सवय आहे. आपल्याकडचे प्रोग्राम पहिली इंग्रजी नोंद सापडली की थांबतात.

काका: मग चूक नावाची नाही, अर्ध्यात थांबणाऱ्याची आहे. नोंदी अठरा असतील तर अठराही वाच. यादी बघणारा माणूस मराठी असेल तर त्याला मराठी नाव दिसू दे, आणि फाइलमध्ये पोस्टस्क्रिप्टचं रोमन नाव राहू दे. तूच म्हणालीस की त्यात रोमनखेरीज अक्षर चालत नाही. म्हणजे ते कधी बदलणार नाही. किल्ली तिथे ठेव.

पुतणीने हे पूर्ण मान्य केलेलं नाही. तिचं म्हणणं, वर्डसारखे प्रोग्राम पोस्टस्क्रिप्ट नाव लिहून ठेवत नाहीत, त्यामुळे काकांची तोड अर्ध्याच ठिकाणी लागू पडते. तांत्रिकदृष्ट्या ती बरोबर आहे. पण या बाबतीत मी काकांच्या बाजूने आहे. ज्या भाषेची अक्षरं फाइलमध्ये आहेत, त्या भाषेत त्या अक्षरांचं नाव लिहायला जागा ठेवलेली असताना ती रिकामी सोडणं बरोबर नाही. वाचणारे प्रोग्राम अपुरे असतील, तर ते पुरे करावेत.

अंकांचं काम आता असं चाललं आहे. प्रोग्राम आधी फॉन्टच्या फाइलमध्ये देवनागरीचे क्रमांक शोधतो. ते असतील तर मजकूर युनिकोडमध्येच आहे, त्याला हात लावायचा नाही. नसतील तर सगळी नावं वाचायची, मजकुराशेजारचं नाव त्यांतल्या कोणत्याही एका नावाशी जुळतं का बघायचं, आणि त्या नावाचा तक्ता लावायचा. नावं जुळत नसतील तर रेषांच्या तपासबेरजेवरून तोच फॉन्ट दुसऱ्या नावाने आहे का ते तपासायचं. तेही नसेल, तरच मजकुरावरून अंदाज. तक्ता लावल्यावर अक्षराच्या आधी असलेली पहिली वेलांटी अक्षरानंतर आणणं, रफार योग्य जागी बसवणं हे वेगळं काम आहे, आणि शेवटी काकांचं मुद्रितशोधन आहेच. पेजमेकरच्या फायलींना मात्र अजून जुना संगणकच लागतो. त्या प्रोग्रामची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ मध्ये आली आणि पुढे त्याचं काम थांबलं.

ज्यांच्याकडे त्या काळातल्या पुस्तकांच्या संहिता, प्रबंध, स्मरणिका, संस्थांचे अहवाल अजून डिस्कवर किंवा सीडीवर आहेत, त्यांना माझी विनंती आहे. मजकुराच्या फायली नव्या संगणकावर हलवाल तेव्हा जुन्या संगणकातला फॉन्टांचा फोल्डरही सोबत घ्या. त्यातल्या फायलींची नावं कितीही निरर्थक वाटली तरी एकही टाकून देऊ नका. आणि जे आज नवे मराठी फॉन्ट करत आहेत, त्यांनी रेखाटनकाराच्या नावाची जागा आणि ११०२ ची मराठी नोंद, दोन्ही भरून मगच फॉन्ट बाहेर द्यावा.